रविवारचं औषध

बोरीत चांगुणाबाईचं घर कुणाला विचारावं लागत नसे. रविवारी सकाळी पिवळ्या डोळ्यांचा माणूस बौद्धवाड्याकडं निघालेला दिसला, की त्याच्या मागं चालत राहायचं. शेवटच्या गल्लीत लिंबाखाली पाच-दहा माणसं उपाशीपोटी बसलेली असायची, आणि त्यांच्या मधोमध पाट्यावर हिरवा पाला वाटत बसलेली ठेंगणी, तुसड्या तोंडाची बाई म्हणजे चांगुणाबाई. ती कुणाकडं वर बघायची नाही. पाला वाटायची, फडक्यातून पिळायची, ताकात कालवायची आणि कल्हईची वाटी पुढं करायची. वाटी एकच. पिऊन झालं की ज्याची त्यानं राखेनं घासून परत द्यायची.

काविळीचं हे औषध तिला सासूकडून आलं होतं. सासू मालनबाई मोठी खमकी. औषधाबरोबर तिनं नियमांचं गाठोडंही सुनेच्या गळ्यात अडकवलं. पाला उपटताना मरीआईचं नाव घ्यायचं, दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. पाल्याचं नाव कुणाला सांगायचं नाही, मोबदला घ्यायचा नाही. आणि औषध आपल्याच अंगणात, आपल्याच वाटीतून पाजायचं, मग समोर गावचा पाटील का असेना. या शेवटच्या नियमाबद्दल चांगुणाबाईला कायम शंका यायची. हा काही मरीआईनं सांगितलेला नसावा, सासूनं स्वतःच्या डोक्यातून काढलेला असावा. कारण इतर दिवशी या घरच्या पाण्याला जी माणसं शिवत नसत, ती रविवारी इथं बसून वाटी रिकामी करत आणि वर घासूनही देत. सासूच्या अकलेचं तिला फार कौतुक वाटायचं.

छप्पन साली धम्मदीक्षा झाली. वस्तीतले देव फडक्यात बांधून ओढ्याला गेले, त्यात मरीआईही गेली. मालनबाई दीक्षा घ्यायला सगळ्यांच्या पुढं होती, पण रविवारी पाला उपटायला वाकली आणि अडली. आता नाव कुणाचं घ्यायचं? शेवटी कुणाचंच न घेता उपटला. त्या रविवारची सगळी माणसं बरी झाली. चांगुणाबाई तेव्हा सासूच्या हाताखाली शिकत होती, तिनं हे नीट बघून ठेवलं. पुढं एकदा पाला उपटताना तिच्या बोटाला विंचू डसला, आणि गप्प राहण्याच्या नियमाचं तिनं असं वाटोळं केलं की बांधापलीकडचा गडी औत थांबवून ऐकत राहिला. तो पालाही लागू पडला. तेव्हापासून तिला एक खोड लागली. नियम पाळायचा, पण तो सुटला तर काय होतं तेही बघून ठेवायचं.

औषध देणारी बाई म्हणजे दवाखान्याच्या नावानं बोटं मोडत असेल, असं कुणाला वाटलं तर तो फसायचा. लेकराच्या खोकल्याला ती अडुळसा द्यायची, पोट फुगलं तर ओवा, बारीक ताप रेंगाळला तर गुळवेलीचा काढा. पण थंडी वाजून ताप आला की ‘हिवतापवाल्याला गाठा, त्याच्या कडू गोळ्या आना,’ म्हणून माणसाला दारातून हाकलायची. पायात नांगराचा फाळ घुसला आणि घरच्यांनी हळद दाबली, तर ती हळदीला नावं ठेवायची नाही. फक्त म्हणायची, “हळदीनं रगत थांबंल, धनुर्वात थांबनार न्हाई. जिंतूरला नेऊन सुई टोचून आना.” तिचा नवरा सीताराम मात्र दोन्हीकडचा. ताप आला की काढाही प्यायचा, गोळीही घ्यायचा, आणि बरा झाला की जे कमी कडू लागलं असेल त्याला गुण द्यायचा. चांगुणाबाई त्याला म्हणायची, “तुमाला बरं व्हायचं नसतं, तुमाला दोन्ही घरचं जेवायचं असतं.”

सासूची एक गोष्ट मात्र तिनं कधी सोडून पाहिली नाही. औषध घेऊन माणूस उठला तर औषधाचा गुण. नाही उठला, दगावला, तर ‘पथ्य मोडलं आसंल.’ काविळीचं पथ्य कडक होतं. तेल नाही, तिखट नाही, हळद नाही, पिवळा म्हणून कुठलाच पदार्थ नाही. ताक-भाकर खायची आणि ऊस चोखायचा. घरात दहा माणसांचं रांधलेलं असताना कुणाच्या तोंडात काय गेलं हे कोण सांगणार? त्यामुळं ते वाक्य कुठंही बसायचं. औषधाचं नाव राहायचं, देणारणीचं राहायचं, आणि मेलेलं माणूस काही उलट बोलायला येत नसे.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली माणिकरावांची सुमन बाळंतपणाला माहेरी आली. माणिकराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी, चार बैलजोड्यांचे धनी. श्रावणात सुमनचे डोळे पिवळे झाले. तिची आई पार्वतीबाई तिला रविवारी चांगुणाबाईच्या अंगणात घेऊन आली. सातवा महिना, पोट पुढं आलेलं, आणि पोरगी हसतमुख. वाटी तोंडाला लावताना नाक मुरडायची आणि पिऊन झाली की स्वतःच घासायला बसायची. पोळ्याच्या नंतरच्या रविवारी ती आली तेव्हा पार मलूल झाली होती, तरी बोलली. “मावशी, काल घरात पुरनाची पोळी व्हती. समदे जेवले, बैलं बी जेवली. मायनं मला वास बी घेऊ दिला न्हाई, परसात नेऊन बसवलं. ताक-भाकर खाल्ली मी.” चांगुणाबाईनं तिला वाटी दिली. पुढचा रविवार यायच्या आत सुमन पोटातल्या लेकरासकट गेली.

माती झाल्यावर माणिकराव बौद्धवाड्यात आले. आयुष्यात पहिल्यांदा ते त्या दारात उभे होते, आणि त्यांचं तोंड बघवत नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, “चांगुणाबाई, असं कामून झालं?”

सुमनचे शब्द तिच्या कानात ताजे होते. तरी तोंडातून सासूचं वाक्य निघालं. “पथ्य मोडलं आसंल.”

माणिकराव मान हलवून गेले. घरी जाऊन त्यांनी आरडाओरड केली नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. पण पोळ्याला घरात पुरण होतं, ते पार्वतीबाईनं घातलं होतं, आणि पोळा झाल्यावर आठवड्यातच पोरगी गेली. हे सगळं त्यांनी मनाशी जुळवलं. पुढच्या पोळ्याला त्यांनी डाळ-गूळ धाकट्या भावाच्या चुलीवर पाठवलं. बैलांना भावजयीच्या हातची पोळी चारली, स्वतःही तीच खाल्ली. कारण सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, पाणवठ्यावर आठ दिवसांत सगळ्यांना कळलं. पार्वतीबाई त्यानंतर दर पोळ्याला आपल्याच घरात पाहुणीसारखी बसायची.

चांगुणाबाईला हे सगळं दिसत होतं. बोलायचं ठरवलं तर एका वाक्याचं काम होतं. पण त्या वाक्यात दोन गोष्टी होत्या. एक, आपण खोटं बोललो. दुसरी, आपलं औषध लागू पडत नाही. आणि औषध लागू पडत नाही म्हटल्यावर या अंगणात कोण येणार, वाटी कोण घासणार? ती गप्प राहिली. रविवारमागून रविवार पाला वाटत राहिली. एवढंच आठवत राहिली, की सासूच्या काळातही एक गरोदर बाई अशीच गेली होती, आणि तिचंही पथ्यच मोडलं होतं म्हणे.

दुष्काळ सरून तिसरा पावसाळा लागला. त्या आखाडात तिची स्वतःची सून, रुख्मिणी, सकाळी अंगण झाडताना मध्येच बसली. चांगुणाबाईनं तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि हात काढून घेतला. रुख्मिणीला आठवा महिना होता.

रुख्मिणीला काळजी नव्हती. काविळीवाल्या बाईच्या घरात कावीळ झाली तर कसली काळजी? ती म्हणाली, “आत्याबाई, परवा रविवारच हाय. मला बी द्या वाटीभर.”

शनिवारी पंडित घरी आला. पंडित तिचा एकुलता एक मुलगा, देवगाव फाट्याजवळच्या शाळेत मास्तर. आई रुख्मिणीला परभणीच्या मोठ्या दवाखान्यात नेणार हे ऐकून तो चिडलाच. शिकलेला मुलगा दवाखान्याच्या बाजूचा आणि अडाणी आई पाल्याच्या बाजूची, असं असायला हवं होतं. इथं उलटंच झालं. पण त्याचं कारण होतं. लहानपणी शाळेत त्याला दाराशी वेगळं बसवत. त्या पोरानं आपल्याच अंगणात माणिकरावांच्या म्हाताऱ्या बापाला राखेनं वाटी घासताना पाहिलं होतं. आईच्या औषधावर कुणी बोट ठेवलेलं त्याला सहन होत नसे, आणि आता बोट ठेवायला आईच निघाली होती.

“माय, साऱ्या मुलखाला देतीस आन् घरच्या सुनेला दवाखाना? लोक काय म्हनतील?”

“लोकाला म्हनू दे. दोन जीवाच्या बाईला माझी दवा पडत न्हाई.”

“कुनी सांगितलं?”

“कुनी कशाला सांगायला पायजे? म्या बघितलंय.”

सीताराम मध्ये पडला. म्हणाला, न्यायचं तर सोमवारी न्या, उद्या दवेचा दिवस आहे, अंगण भरलेलं असेल. चांगुणाबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो तंबाखू मळायला बाहेर गेला.

रविवारी अंगण खरोखर भरलेलं होतं. चांगुणाबाईनं नेहमीसारखा पाला वाटला, ताकात कालवला, सगळ्यांना वाटी दिली. शेवटच्या पाहुण्याच्या हातात वाटी असतानाच पंडितनं रुख्मिणीला धरून बाहेर आणलं. तिचे डोळे हळदीसारखे झाले होते. पाहुण्यानं विचारलं, “कुठं न्यायलेत?”

“परभनीला. दवाखान्यात,” चांगुणाबाई म्हणाली आणि पदर खोचून चालू लागली. त्या माणसानं तोंडाशी नेलेली वाटी हळूच खाली ठेवली. तिनं ते पाहिलं. पण एसटी चुकवून चालणार नव्हतं.

परभणीच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी रुख्मिणीला तपासलं, सलाईन लावलं आणि पंडितला बाजूला घेऊन काही सांगितलं. चांगुणाबाईनं वाट अडवली.

“बाई, काविळीवर तुमची दवा कोनती?”

डॉक्टरीणबाई दमलेल्या होत्या. म्हणाल्या, “मावशी, खरं सांगू? काविळीवर आमच्याकडंही औषध नाही. बहुतेक माणसं आराम केला, नीट खाल्लं की आपोआप बरी होतात. पण गरोदर बाईचं तसं नसतं. हिला आम्ही ताकद देणार, लक्ष ठेवणार. बाळंतपणात रक्त जास्त गेलं तर ते थांबवायला आणि दुसरं चढवायला इथं सोय आहे. एवढंच.”

आपोआप बरी होतात! चांगुणाबाईला हे वाक्य गिळायला वेळ लागला. मरीआई सुटली तरी गुण आला, विंचवाला शिव्या दिल्या तरी आला. मग पाल्याचा तरी गुण किती आणि आपोआपचा किती, हे तिला काय माहीत? पण त्याहून तिला वेगळंच काही विचारायचं होतं.

“तुमच्यात बी मरत्यात का?”

“मरतात.”

“मग घरच्याला काय सांगता? पथ्य मोडलं म्हनता?”

डॉक्टरीणबाईंना प्रश्नच कळला नाही. “पथ्य कशाला? वाचवता आलं नाही, असं सांगतो.”

रुख्मिणी दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. लेकरू मेलेलं जन्मलं, मुलगा होता. मागून रक्त सुरू झालं ते थांबेना. इंजेक्शनं दिली, पंडितचं रक्त जुळलं ते चढवलं, आणखी कुठून तरी एक बाटली आली. व्हरांड्यात चांगुणाबाई भिंतीला डोकं टेकून बसली होती. बोरीच्या अंगणात हे झालं असतं तर आपल्या हातात काय होतं, याचा तिनं विचार केला. पाटा होता, पाला होता, ताक होतं. रुख्मिणी वाचली. श्रावण लागल्यावर ते तिला घरी घेऊन आले. ती हाडांचा सापळा झाली होती आणि कुणी लेकराचं नाव काढलं की भिंतीकडं तोंड करायची. चांगुणाबाई तिच्या उशाशी बसून स्वतःही रडायची, ही बाई रडते हे वस्तीनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

गावाचा हिशेब मात्र वेगळाच निघाला. दवाखान्यात नेलं म्हणून लेकरू गेलं, घरची वाटी दिली असती तर दोघंही वाचले असते, असं अर्धं गाव म्हणू लागलं. उरलेलं अर्धं म्हणत होतं की औषधात दम असता तर तिनंच सुनेला पाजलं नसतं का? या दोघांत मिळून तिच्या बाजूचं कुणीच नव्हतं. रविवारी लिंबाखाली कावळे बसायला लागले.

पोळा जवळ आला होता. एका दुपारी, रविवार नसताना, पार्वतीबाई एकटीच त्या अंगणात आली. खाली बसली नाही.

“चांगुने, तुझ्या सुनेला दवाखाना. माझ्या सुमनला वाटी. कामून?”

चांगुणाबाई उंबऱ्यावर बसली होती, ती उठली. “तवा मला ठावं नव्हतं, बाई. सुमन गेली तवा कळलं.”

“काय कळलं?”

“सुमननं पथ्य मोडलं नव्हतं.”

पार्वतीबाईच्या तोंडावर काहीच हाललं नाही. ती म्हणाली, “तुला काय ठावं?”

“ती माझ्यापाशी बोलली व्हती, याच लिंबाखाली. मायनं पुरनाचा वास बी घेऊ दिला न्हाई, परसात नेऊन बसवलं, ताक-भाकर खाल्ली म्हनली. मरायच्या आदल्या रविवारी.”

आता पार्वतीबाई बसली, मातीतच बसली. “परसात,” ती म्हणाली. “व्हय गं. आंब्याखाली बसवलं व्हतं म्या तिला. म्या इसरूनच गेले व्हते. ह्यांनी मनात धरलं, जावेनं धरलं, गावानं धरलं. मला बी वाटायलं, कवातरी म्याच घातलं आसंल तिच्या ताटात. चार वर्सं मला असंच वाटायलंय, चांगुने. रोज.”

चांगुणाबाईला तिच्या अंगाला हात लावावासा वाटला, पण लावला नाही. आपल्या एका वाक्यानं या बाईला तिच्याच आठवणीतून उठवून लावलं होतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

“हे त्यांच्याम्होरं म्हनशील?” पार्वतीबाईनं विचारलं.

चांगुणाबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि तिच्या पुढं चालू लागली.

माणिकराव ओसरीवर होते, सोबत धाकटा भाऊ आणि पोळ्याच्या झुली बघायला आलेले दोघं-तिघं. चांगुणाबाई अंगणात उभी राहिली. बस म्हणायची त्या घरची रीत नव्हती, आणि ती बसायला आलीही नव्हती.

“माणिकराव, तुमी मला इचारलं व्हतं, असं कामून झालं. म्या खोटं सांगितलं. सुमननं पथ्य मोडलं नव्हतं. पोळ्याला तिनं ताक-भाकर खाल्ली, हे मला तिनंच सांगितलं व्हतं. तिच्या मायनं तिला काई चारलं न्हाई.”

माणिकरावांनी हातातली झूल खाली ठेवली. “मग कशानं गेली?”

“माझ्या दवेनं तिला वाचवता आलं न्हाई,” चांगुणाबाई म्हणाली. “दोन जीवाच्या बाईला ती पडत न्हाई. दवाखान्यात नेली असती तर वाचली असती का, ते बी मला सांगता येत न्हाई. माझ्या सुनेचं लेकरू तितं बी गेलं. पर पथ्य मोडलं नव्हतं.”

भाऊ काहीतरी बोलायला गेला, माणिकरावांनी त्याला हातानं थांबवलं. ते चांगुणाबाईकडं बघत नव्हते. तिच्या मागं दारात पार्वतीबाई उभी होती, तिच्याकडं बघत होते. शिव्या खायच्या तयारीनं आलेली चांगुणाबाई थोडा वेळ तशीच थांबली. मग आपलं इथं काम उरलेलं नाही हे तिच्या ध्यानात आलं आणि ती घरी गेली.

पुढं रविवारी माणसं पुन्हा यायला लागली, पहिल्यासारखी गर्दी मात्र कधी झाली नाही. ‘दवा लागू पडंल का?’ असं कुणी विचारलं की ती सांगायची, “लय जनाला पडती, समद्याला न्हाई.” गरोदर बाई दिसली की पाट्यावरून उठून तिला स्वतः एसटीपर्यंत पोचवायची. पाल्याचं नावही तिनं लपवायचं सोडलं. ओढ्याकाठी, विहिरीच्या थारोळ्यात उगवणारी भुईआवळी, जिच्यावर सगळं गाव पाय देऊन चालायचं. तरीही बरीचशी माणसं घरी न वाटता तिच्याकडंच येत. वाटीचा नियम तिनं सोडला नाही.

त्या साली पोळ्याला काय झालं ते पार्वतीबाईनंच तिला नंतर लिंबाखाली बसून सांगितलं. सकाळी माणिकरावांनी डाळ-गूळ भावाकडं पाठवलं नाही. आपल्याच चुलीपाशी आणून ठेवलं. पार्वतीबाईनं काही न विचारता डाळ शिजायला टाकली. डाळ शिजली, गूळ घालायची वेळ आली, तेव्हा माणिकराव गोठ्यातून आत आले आणि दाराशी उभे राहिले.

“गूळ जरा जास्त घाल,” ते म्हणाले. “सुमनला गोड लागायचं.”